अर्धा कप चहा आणि तीन शहाळी

गेले दोन वीकेंड इथं काही लिहिलं नाही. रिलीज नव्हता, आळसही नव्हता. गावी होतो. आज शनिवार, बाहेर मस्त ढगाळ आहे, समोर चहाचा मग आहे आणि डोक्यात गेला महिनाभर एकच विषय घोळतोय, तोही चहाच. म्हटलं एकदाचं लिहून टाकावं. जरा लांबण लागेल, पण शेवटपर्यंत वाचा. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी कधी ना कधी उपयोगी पडेल. पडू नये, ही सदिच्छा.

तर माझं गाव जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या पुढं. ऊस, टोमॅटो, दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांना अठरा वर्षांपासून शुगर. शुगरनं हळूहळू किडन्या खाल्ल्या आणि दोन वर्षांपूर्वी डायलिसिस सुरू झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. पहिली शिफ्ट मिळावी म्हणून पहाटे पाचला घर सोडायचं. आमच्याकडं पहाटे पाचला बाहेर पडणं म्हणजे आधी उसाच्या कडेला बॅटरी मारून बघायचं. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते काही उगाच नाही. अण्णा म्हणतात, "किडनीनं नाय गेलो तर बिबट्यानं जाईन, दोघांत शर्यत हाय." असा माणूस.

डायलिसिस सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला बसवून नीट समजावलं होतं. आता किडनी पाणी बाहेर टाकत नाही, म्हणून पोटात जाणारं प्रत्येक पातळ मोजायचं. पाणी, चहा, ताक, आमटी, सगळं. दिवसाचं माप त्यांनी ८०० मिली ठरवून दिलं. पोटॅशियम सांभाळायचं, फॉस्फरस सांभाळायचं, मीठ कमी. चहाबद्दल आईनं मुद्दाम विचारलं, कारण अण्णांचा दिवसाचा कोटा तेव्हा सात-आठ कप होता. डॉक्टर म्हणाले, "कमी करा. मोजून घ्या."

आता मी पडलो इंजिनियर. "कमी करा" हे वाक्य मला सहन होत नाही. कमी म्हणजे किती? क्लायंटनं "सिस्टिम थोडी फास्ट करा" असं मेल केलं की आमच्या टीममध्ये जसे चेहरे होतात, तसा माझा झाला. घरी येऊन मी एक्सेल उघडलं, रंगीत तक्ता केला आणि प्रिंट काढून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. सगळ्यात वर, लाल अक्षरात, ठळक: "चहा - बंद".

"कमी"चं मी "शून्य" केलं. राउंडिंग एरर म्हणतात ती हीच. आणि मला त्याचा अभिमानही वाटला होता, हे कबूल करतो. शून्य कसं स्वच्छ असतं, त्यात वाद नसतो. डाएटिशियनची तीन पानी यादी होती, तिच्यात काय चालत नाही ते सगळं होतं. पण ती इंग्रजीत होती, आणि मला वाटलं एवढं कोण वाचणार. मी महत्त्वाचं तेवढं उचललं. महत्त्वाचं म्हणजे मला महत्त्वाचं वाटलं ते.

अण्णांनी दीड वर्ष चहा पाळला. खरंच पाळला. चोरून प्यायला असता तर बरं झालं असतं, असं मी पुढं म्हणणार आहे, तेव्हा दचकू नका.

गावाकडं चहा म्हणजे पेय नव्हे हे शहरात वाढलेल्यांना सांगावं लागतं. कुणाच्या दारात गेलात आणि चहा न घेता उठलात, तर त्या घराशी तुमचं काहीतरी बिनसलंय असा अर्थ निघतो. भाऊबंदकी मिटली हे लोक चहावरून ओळखतात. बांधाचं भांडण, लग्नाची बोलणी, सोसायटीची निवडणूक, सगळं चहावर. पश्चिमेकडं भीमाशंकरच्या बाजूला आदिवासी वाड्यांत दूध नसलं तर कोरा चहा, पण चहा होतोच. तर असा चहा बंद झाल्यावर अण्णा लोकांकडं जायचेच बंद झाले. "गेलं की चहा आला, नको म्हनलं की त्यांचं तोंड उतरतं. त्यापरीस न गेलेलं बरं." मी पुण्यातून फोनवर विचारायचो, "अण्णा, चहा घेत नाही ना?" ते म्हणायचे, "नाय." मी खूश. ते घरात बसून आहेत, हे मला कळायचं नाही. माझ्या तक्त्यात तो कॉलम नव्हता.

मग चैत्रात गावची यात्रा आली. यात्रेला नाही म्हणता येत नाही. पालखी, शर्यती, रात्री तमाशा. तमाशाची सुपारी द्यायला नारायणगावच्या राहुट्यांवर जाणाऱ्या मंडळींत अण्णा वीस वर्षं होते, त्यामुळं यात्रेत त्यांचा मान. रविवार-सोमवार यात्रा. शनिवारी डायलिसिस झालेलं, पुढचं मंगळवारी. डायलिसिसवाल्यांना माहीत असतं, आठवड्यातली ही मोठी गॅप सगळ्यात अवघड. शरीरात साठायला एक दिवस जास्त मिळतो.

दोन दिवसांत अण्णा पाच घरी गेले. प्रत्येक घरी तोच संवाद.

"अण्णा, चहा टाकते."

"नगं वैनी, चहा बंद हाय. पोरानं सांगितलंय."

"आवं मंग कोरडंच कसं जायाचं? थांबा, शहाळं फोडून आणते. आजारी मानसाला शहाळं लई चांगलं."

तीन घरी शहाळं. चौथ्या घरी कलिंगडाच्या दोन मोठ्या फोडी. पाचव्या घरी, म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याकडं, गुळाचा कोरा चहा. "आरं साखरंचा बंद असंल, गुळाचा चालतो. गूळ औषधी असतो." अण्णांनी सगळं घेतलं. तक्त्यात "चहा - बंद" होतं, शहाळं कुठं होतं? आणि दीड वर्षानं कुणाच्या तरी घरी बसून काहीतरी हातात घेता येत होतं.

सोमवारी रात्री तमाशाच्या फडावरून उठताना अण्णांचे पाय उचलेनात. भावाला वाटलं थकवा. मग छातीत कसंतरी व्हायला लागलं. रात्री बाराला गाडी काढली. हॉस्पिटलात ईसीजी काढला तो बिघडलेला, रक्तातलं पोटॅशियम ६.८. साधारण ३.५ ते ५ हे नॉर्मल. सहाच्या वर गेलं की हृदयाचे ठोके कधीही गडबडू शकतात, आणि ते फार वेळ आधी सांगून गडबडत नाहीत. तातडीनं इंजेक्शनं, मग डायलिसिस. मी पुण्याहून पोचलो तेव्हा पहाटेचे चार वाजले होते आणि मशीन चालू होतं. अण्णांनी डोळे उघडून मला पहिलं वाक्य काय ऐकवलं असेल? "चहा नाय घेतला बरं का."

ते वाक्य मला जन्मभर पुरेल.

सकाळी तिथल्या सिस्टरनी विचारलं, दोन दिवसांत काय काय पोटात गेलं. मी अण्णांना विचारत विचारत फोनवर हिशोब मांडला. आता आकडे देतो. आकड्यात माझं मन रमतं, आणि या गोष्टीत खरा मुद्दा आकड्यातच आहे.

नुसत्या काळ्या चहाच्या १०० मिली पाण्यात साधारण ३५ ते ४० मिलीग्रॅम पोटॅशियम असतं. गायीच्या १०० मिली दुधात १३० ते १५०, म्हशीच्या दुधात थोडं जास्त, १८०च्या आसपास. म्हणजे निम्मं दूध घातलेला, आपला नेहमीचा १०० मिलीचा कप धरला तर पोटॅशियम साधारण शंभर मिलीग्रॅम. अर्धा कप धरला तर पन्नास-साठ. आणि शहाळं? १०० मिली शहाळ्याच्या पाण्यात साधारण २०० ते २५० मिलीग्रॅम. एका शहाळ्यात ३०० मिली पाणी धरा. एका शहाळ्यात सहाशे-सातशे. तीन शहाळी म्हणजे पातळ पदार्थ ९०० मिली आणि पोटॅशियम दोन हजारांच्या घरात. कलिंगड आणि गूळ वेगळा.

हेच अण्णांनी पाचही घरी अर्धा-अर्धा कप चहा घेतला असता तर? २५० मिली, आणि पोटॅशियम अडीचशे-तीनशे. तेही दोन दिवसांत विभागून.

वाचा पुन्हा एकदा. जे मी लाल अक्षरात बंद केलं होतं, ते त्या पाच घरांत मिळण्यासारख्या सगळ्या गोष्टींत सगळ्यात कमी धोक्याचं होतं. एक बग फिक्स करायला गेलो आणि तीन नवे घातले. प्रॉडक्शनमध्ये. ऑफिसात असं केलं तर निदान रोलबॅक असतो.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचतोय आणि डॉक्टरांना भंडावून सोडतोय. जे समजलं ते लिहितो. पण एक अट. हे वाचून कुणी परस्पर माप ठरवू नका. किडनीचा आजार म्हणजे एक आजार नव्हे. सुरुवातीच्या टप्प्यातला माणूस, डायलिसिसवरचा माणूस, ट्रान्सप्लांट झालेला माणूस आणि मुतखड्याचा माणूस, चौघांचे नियम वेगळे. सुरुवातीच्या टप्प्यात बहुतेकांना पातळ पदार्थांवर बंधनच नसतं. मुतखड्यावाल्याला तर उलट भरपूर पाणी प्या म्हणून सांगतात. शेजारच्या काकांचा डाएट चार्ट आपल्या घरी चिकटवणं हा माझ्या एक्सेलपेक्षाही मोठा गाढवपणा. पोटॅशियमचंही तसंच. २०२० सालच्या किडनी आहाराच्या मार्गदर्शक सूचनांत सगळ्यांसाठी एकच आकडा दिलेला नाही. ज्याच्या त्याच्या रक्ताच्या रिपोर्टनुसार ठरवा, असं म्हटलंय. म्हणजे माप डॉक्टरांकडून, दर रिपोर्टगणिक.

आता चहाची खरी भानगड.

पहिली भानगड म्हणजे चहा पातळ आहे. डायलिसिसवरच्या माणसाला चहातल्या चहापेक्षा चहातलं पाणी जास्त नडतं. एक लिटर पातळ साठलं की एक किलो वजन वाढतं. ते पायावर, मग फुप्फुसात, मग श्वासावर. आठ घरी आठ पूर्ण कप म्हणजे ८०० मिली, अण्णांचा सगळा दिवस तिथंच संपला. म्हणून कपाचं माप महत्त्वाचं. पुण्या-मुंबईत कटिंग नावाची जी सोय आहे ना, ती मला आता थोर वैद्यकीय शोध वाटायला लागली आहे.

दुसरी भानगड चहाची नाहीच, चहासोबतची. खारी, टोस्ट, फरसाण, शेव, भेळ. यातलं मीठ तहान लावतं, तहान लागली की माणूस पाणी पितो, आणि आपण दोष चहाला देतो. किडनीवाल्यांना दिवसाला एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. पोहे-भाजी-आमटीत ते केव्हाच संपलेलं असतं. आणि "कमी सोडियमचं मीठ" म्हणून जे मिळतं त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊच नका.

तिसरी भानगड गूळ. गुळाचा चहा ही हल्ली फॅशन झाली आहे, हायवेला पुण्यापासून आळेफाट्यापर्यंत बोर्डच बोर्ड. आमच्याकडं ऊस पिकतो, गुळाला नावं ठेवायची माझी छाती नाही. पण साखरेत पोटॅशियम जवळजवळ नसतं आणि गुळात चांगलंच असतं. दोन चमचे गुळानं कपातलं पोटॅशियम जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. आणि शुगरवाल्याला गूळ चालतो ही तर निव्वळ समजूत आहे. रक्तातली साखर त्यानंही वाढते. गूळ निरोगी माणसानं खुशाल खावा. अण्णांनी नाही.

चौथी, दूध की कोरा? इथं मला वाटलं होतं एक सरळ उत्तर मिळेल. नाही मिळालं. दुधात पोटॅशियम आणि फॉस्फरस, म्हणून दूध कमी बरं. पण चहाच्या पानात ऑक्झलेट असतं, आणि दुधातलं कॅल्शियम त्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं, म्हणून खड्याची तक्रार असणाऱ्याला थोडं दूध घातलेला चहा बरा. ऑक्झलेटचा अतिरेक काय करतो याचं एक उदाहरण २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं होतं. अमेरिकेत आर्कान्सामधला ५६ वर्षांचा माणूस रोज आईस टीचे मोठे १६ ग्लास प्यायचा, म्हणजे जवळपास पावणेचार लिटर. त्याच्या किडनीत ऑक्झलेटचे स्फटिक साठले आणि त्याला डायलिसिसवर जावं लागलं. ही बातमी वाचून "बघा, चहानं किडनी जाते" असं फॉरवर्ड करणारे भेटतीलच. त्यांना पावणेचार लिटरचा आकडा दाखवा. दोन छोट्या कपांत हा प्रश्न येत नाही. लहान माप ठेवलं की दूध आणि कोरा यातला वादही लहान होतो.

पाचवी आपल्या ऑफिसवाल्यांची. मशीनचा चहा. त्यातल्या दुधाच्या भुकटीत किंवा व्हाइटनरमध्ये बऱ्याचदा फॉस्फेट मिसळलेलं असतं, गुठळ्या होऊ नयेत म्हणून. पाकिटावर ३३९, ३४०, ४५१, ४५२ असे आकडे दिसले की समजायचं. दुधातला नैसर्गिक फॉस्फरस शरीर निम्म्याच्या आसपास घेतं, हा वरून घातलेला जवळजवळ सगळा शोषून घेतं. किडनीवाल्यानं घरच्या दुधाचा थोडा चहा घ्यावा, मशीनच्या नादी लागू नये. आपणही लागू नये, पण ते चवीसाठी :-)

सहावी, गोळ्या. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर चहातले टॅनिन लोह शोषू देत नाहीत. किडनीवाल्यांना रक्त कमी असतंच, म्हणून गोळी आणि चहा यात निदान तासाभराचं अंतर हवं. आणि गावाकडची सवय म्हणजे अंग दुखलं की टपरीवर चहा आणि त्याबरोबर मेडिकलमधून आणलेली अंगदुखीची गोळी. त्या जोडीतली गोळी किडनीला खाते. चहा बिचारा फुकट बदनाम.

सातवी आणि सगळ्यात घाबरवणारी: "किडनीचा चहा" म्हणून विकले जाणारे काढे. नैसर्गिक, साइड इफेक्ट नाही वगैरे. ब्रुसेल्समध्ये एका वजन कमी करण्याच्या क्लिनिकमध्ये चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या गेल्या होत्या. त्यात ॲरिस्टोलोकिया नावाच्या वनस्पतीची भेसळ झाली आणि शंभराहून जास्त जणांच्या किडन्या खराब झाल्या. १९९३ साली लॅन्सेटमध्ये ते पहिल्यांदा छापून आलं. याच कुळातली वनस्पती आपल्याकडं ईश्वरी म्हणून ओळखतात. नैसर्गिक तर धोतराही असतो. घरगुती काढ्यातलं ज्येष्ठमधसुद्धा रोज घेतलं तर रक्तदाब वाढवतं. आलं-वेलदोडा चिमूटभर असेल तर कुणी काही म्हणत नाही. पण घटक लिहिलेले नाहीत किंवा डॉक्टरांना दाखवलेलं नाही असं काहीही उकळून पिऊ नये.

झालं ज्ञान. आता मत. कारण हे सगळं लिहिण्यामागं माझं एक मत आहे, आणि ते "चहा प्या" हे नाही.

माझं मत असं की आजारी माणसाला "बंद" हा शब्द सांगणं ही बहुतेक वेळा सांगणाऱ्याची सोय असते. बंद म्हटलं की आपली जबाबदारी संपली. पुढं काय, याचा विचार करावा लागत नाही. पण माणूस पोकळीत राहत नाही, पाच घरांच्या गावात राहतो. एक गोष्ट काढून घेतली की तिच्या जागी दुसरी येतेच, आणि येताना ती प्रेमानं येते, "आजारी माणसाला चांगलं" म्हणून येते. त्या वहिनींची काय चूक? त्यांच्या आईनं त्यांना शहाळंच शिकवलं. जुलाब झालेल्याला, उन्हानं थकलेल्याला शहाळं खरंच चांगलं. ते पोटॅशियम देतं म्हणूनच चांगलं. निरोगी किडनी जास्तीचं बाहेर टाकते, अण्णांची टाकत नाही. एवढा एक फरक. तो मी सांगायला हवा होता, आणि मी काय सांगितलं? चहा बंद.

यावर आमच्या एका मित्राचं म्हणणं, आणि ते खोडण्यासारखं नाही: "अरे, अर्ध्यावर थांबणारी माणसं किती? एक अर्धा, दोन अर्धे, मग सात. त्यापेक्षा बंदच बरं." खरं आहे. काही लोकांना शून्यच सोपं पडतं. मला सिगारेटच्या बाबतीत पडलं. डॉक्टरांच्या बाहेर पन्नास पेशंट बसलेले असतात, त्यांनाही प्रत्येकाशी मिलीमीटरचा हिशोब जमणार नाही. पण सिगारेट सोडली तर तिच्या जागी कुणी प्रेमानं शहाळं आणून देत नाही. चहाची जागा रिकामी राहत नाही, म्हणून त्या जागी काय येणार हे आधीच ठरवायला लागतं. आणि डॉक्टरांना वेळ नसतो हे मान्य, पण आमच्या डॉक्टरांनी तर "मोजून" असंच म्हटलं होतं. मोजायला मला वेळ नव्हता.

आता घरी काय चालतं ते सांगतो. तक्ता फाडला. डॉक्टरांसमोर बसून नवीन ठरवलं, मराठीत, एका पानावर. ८०० मिलीतले २०० मिली चहाचे. अण्णांनी ते स्वतः वाटून घेतले: सकाळी घरी ८०, आणि उरलेले १२० लोकांकडं. आईनं जुन्या भांड्यांतून एक स्टीलची छोटी वाटी काढली, मी मेजरिंग सिलिंडरनं मोजली, काठोकाठ ६० मिली. ती वाटी आता अण्णांच्या शर्टाच्या खिशात असते. दिवसाला दोन घरं. कुणाच्याही घरी गेले की वाटी बाहेर काढतात, "एवढाच, आन् साखर नाय." पहिले आठ दिवस लोक हसले. एकानं विचारलं, "अण्णा, भांडं घरून आणायची येळ आली का आमच्याव?" मग सवय झाली. आता तालुक्याच्या बाजारात सुद्धा टपरीवाला वाटी बघून विचारतो, आज पहिली का दुसरी?

आणि वाटीचा एक फायदा मला आधी सुचलाच नव्हता. वाटी बघितली की लोक का म्हणून विचारतात. मग अण्णा सांगतात. शहाळं का नको, गूळ का नको, भाजी चिरून, उकळून, ते पाणी फेकून का करायची. माझा तक्ता स्वयंपाकघराच्या दाराच्या बाहेर कधी गेला नव्हता. वाटी गावभर फिरते.

सगळं छान झालंय असं समजू नका. मागच्या महिन्यात फॉस्फरस वाढलेलं आलं, गोळ्या वाढवल्या. एका लग्नात वाटी विसरले आणि दोन पूर्ण कप झाले, मंगळवारी वजन अडीच किलो जास्त, मशीनवर पायात गोळे आले. अण्णांनी स्वतःच फोन करून सांगितलं. दीड वर्ष ते मला फोनवर फक्त "नाय" म्हणायचे. आता बिघडलेलं पण सांगतात. रिपोर्टमध्ये या गोष्टीला कॉलम नाही, पण माझ्या लेखी तो सगळ्यात मोठा फरक आहे.

तुमच्यासाठी दोनच गोष्टी. एक: तुमच्या घरी असा पेशंट असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटला "काय बंद?" असं विचारू नका. "दिवसाला एकूण किती मिली, त्यातला चहा किती, आणि पाहुणा म्हणून गेल्यावर काय घ्यायचं?" असं विचारा. उत्तर आकड्यात लिहून घ्या, मराठीत, आणि जो माणूस पिणार आहे त्याच्याच अक्षरात.

दोन: किडनीच्या पेशंटला भेटायला जाताना शहाळी, फळांची टोपली, ज्यूसचे डबे नेऊ नका. आणि तो तुमच्याकडं आला तर "तुम्हाला चालत नाही ना" म्हणून कोरडा पाठवू नका. किती चालतो ते विचारा आणि तेवढाच द्या. स्वतःच्या कपातही तेवढाच घ्या, म्हणजे त्याला एकट्याला अर्ध्या वाटीसमोर बसायला लागत नाही. हे मला आत्याकडून कळलं. परवा गेलो तर तिनं दोघांनाही वाटीभरच चहा दिला. माझी काही तक्रार नव्हती, पण घरी येऊन मी एक अख्खा मग प्यायलो.

असो. उद्या पहाटे गावी निघतोय. बाकी पुढच्या शनिवारी.